दिवसातून दोनदा चढणारं पाणी

अक्षर चांगलं आणि आवाज मोठा, एवढ्या दोन गुणांवर मी गुणवंतराव ठेकेदाराकडं मुन्शी झालो. गाव माझं चामोर्शी. तिथं बापाचं पोहे-मुरमुऱ्याचं दुकान होतं, पण बसून तागडी धरायचा मला कंटाळा. म्हणून आलापल्लीच्याही पलीकडं, सागवानाच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलात, एका गवती छपरीत येऊन पडलो. मच्छर, हिवताप आणि पानाच्या चुंगीतला तंबाखू, असा संसार. माणसं मला मुन्शीभाऊ म्हणत. बापूजी हे माझं खरं नाव त्या जंगलात कुणी कधी विचारलंच नाही.

बावन्न सालच्या दिवाळीनंतर कलकत्त्याकडचा एक एजंट आमच्याकडं आला. अंदमानच्या बेटांवर झाडं पाडायची होती आणि त्याला सागवानात हात बसलेले चार गडी हवे होते. काळ्या पाण्याचं नाव काढताच गडी उठून जाऊ लागले. तेव्हा एजंटानं पेटीतून एक हिंदी पुस्तक काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. बेटावर पाहायला जावं असे वाळूचे किनारे आणि खाड्या, असं ते चित्रांचं पुस्तक होतं. सुट्टी घालवायला जाणाऱ्या साहेबलोकांसाठी छापलेलं. कुऱ्हाडवाल्याला त्याचा उपयोग तो काय? पण एजंटापाशी दुसरं काही नव्हतं, आणि वाचणारा मी एकटा होतो.

मी वाचलं. चांगलं तिखट-मीठ लावून वाचलं. अमका किनारा पिठासारखा पांढरा, तमकी खाडी बैलाच्या नालेसारखी वाकडी, इथं कासवं अंडी घालायला येतात, तिथं छातीइतक्या पाण्यात तळाचे गोटे मोजता येतात. असे आठ किनारे होते. गडी जांभया देत होते. एकटा मेटेगुड्याचा बुधू उकिडवा बसून ऐकत होता.

"मुन्शीभाऊ, तथी जाऊन नुसतं उभं राह्यलं तर चालते काय?" त्यानं विचारलं. "कोनी हाकलत नाई?"

मी हसलो. पण त्याचं विचारणं बरोबर होतं. आमच्या जंगलात माणूस झाडाखाली लघवीला थांबला तरी गार्ड विचारतो, काय तोडलंस? बुधूला फुकट उभं राहता येईल अशी जागा हवी होती. बायको सुकरीला त्यानं सांगितलं, दोन-तीन साल, मग येतोच. आणि तो गेला. चौघांत आणखी एक बुधू होता, नदीपलीकडच्या पेरमट्ट्याचा. बुधवारी जन्मला की बुधू, सोमवारची सोमारी, शुक्रवारची सुकरी. या मुलखात एक हाक मारली की चार माणसं वळून बघतात.

त्रेपन्नच्या श्रावणात चिठ्ठी आली. चांदा जिल्ह्याकडील मजूर बुधू, झाड अंगावर पडून मयत. बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. गुणवंतराव म्हणाले, घरी कळवून ये. आता कुठल्या बुधूच्या घरी? पेरमट्टा म्हणजे भरलेली नदी ओलांडायची, डोंग्यात बसायचं, पुढं चार कोस चिखल. मेटेगुडा म्हणजे दोन कोस, अर्धी वाट गाडीरस्त्याची. मला त्या आठवड्यात ताप होता. मी मेटेगुड्याला गेलो.

यापेक्षा मोठं कारण मी आजवर शोधलं. सापडलं नाही.

मेटेगुड्याच्या माडिया लोकांनी त्याचं सगळं रीतीनं केलं. प्रेत नव्हतं, पण बाकी काही कमी केलं नाही. पहिल्या रात्री घरात जमिनीवर पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलली तर पिठावर पाऊल उमटलेलं. माझ्या मते ते कोंबडीच्या पिल्लाचं होतं. पण चैतू गायता, म्हणजे गावचा पुजारी आणि न्यायनिवाड्याचा मुख्य माणूस, शांतपणे म्हणाला, "आला. घरी आला." मग गावाबाहेर मेलेल्यांच्या दगडांच्या रांगेत बुधूचा दगड उभा राहिला. बारा माणसांनी तो लाकडी ओंडक्यांवरून ओढत आणला होता. मीही हात लावला, लोक बघत होते म्हणून.

दीड महिन्यानं दुसरी चिठ्ठी आली. मयत बुधू, मौजे पेरमट्टा.

मी ती त्या किनाऱ्यांच्या पुस्तकात घातली, पुस्तक ट्रंकेत घातलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. त्याच्या आधीच्या महिन्यात माझ्या हातून लाकडाच्या गाड्यांचे वाहतुकीचे पास चुकले होते आणि गुणवंतरावांनी चारचौघांत बजावलं होतं, पुन्हा चूक झाली तर चामोर्शीला जाऊन मुरमुरे वीक. मला मुरमुरे विकायचे नव्हते. म्हटलं, पुढचं पुढं. मेटेगुड्याचा तो परत येईल कशावरून? होळीनंतर बुधूचा धाकटा भाऊ लालसू, त्यानं सुकरीला आपल्या घरात घेतलं. त्यांच्यात ती रीतच आहे, विधवेला दिराचं घर असतं. वर्षात मुलगा झाला. आणि पेरमट्ट्याची सोमारी, त्या खऱ्या मेलेल्या बुधूची म्हातारी आई, दर बाजाराला नदी ओलांडून यायची आणि विचारायची, "माह्या बुधूची चिठ्ठी?" मी म्हणायचो, येईल.

पंचावन्नच्या चैत्रात, मोहाची फुलं वेचून संपत आली होती तेव्हा, सकाळी छपरीसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, काखेत पत्र्याचा डबा. हसत होता. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, त्यावरून ओळखला. 

"आधी तुमच्याकडे आलो, मुन्शीभाऊ," बुधू म्हणाला. "घरी मंग जातो. तुमी वाचून दाखवले ना, ते सारे पाह्यले. आठ होते, मी सात पाह्यले. आठव्याले डोंगा लागते, तो भेटला नाई."

आणि तो मातीत बसून एकेक सांगू लागला. पुस्तकातल्याच क्रमानं. माझ्या लक्षात नव्हता तो क्रम, त्याच्या होता. सुट्टीच्या दिवशी बाकीचे गडी दारू पिऊन झोपत आणि हा कोस कोस चालत किनारे बघायला जाई. पांढरी वाळू पायाखाली कशी कुरकुरते. नालेसारख्या खाडीत वारा शिरतच नाही, म्हणून पाणी हिरवं आणि गप्प. काळ्या खडकांच्या किनाऱ्यावर खेकडे माणसाला बघून आडवे पळतात. "कोनीच हाकलत नाई," तो दोनदा म्हणाला. डब्यात त्यानं सात चिंध्यांत सात किनाऱ्यांची वाळू बांधून आणली होती, सुकरीला दाखवायला.

मधेच थांबून म्हणाला, "पेरमट्ट्याचा बुधू मेला ना, माह्यासमोर. त्याच्या मायले सांगतलं ना तुमी?"

"सांगितलं," मी म्हणालो.

दगडाचं, सुकरीचं मी एक अक्षर बोललो नाही. तो डबा काखेत मारून गावाकडं गेला आणि मी बसून राहिलो.

दुपारी परत आला. टोपी हातात होती. गावात कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं. बायका पोरांना घेऊन आत गेल्या. "सुकरीनं मले पाहून लेकराचं तोंड झाकलं," तो म्हणाला. "गावाभाईर माह्या नावाचा दगड हाये म्हणते. काऊन, मुन्शीभाऊ?"

मी सांगितलं की तिकडूनच चुकीची चिठ्ठी आली होती, आमचा काय दोष. उद्या सकाळी पंच बसतील, तिथं आपण बोलू.

"तुमच्यापाशी पुस्तक हाये," बुधू म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ते दाखवा पंचात. त्यात चित्रं हायेत. मी सांगतो तेच त्यात दिसन, मंग मानतीन. मले माहं घर पायजे, दुसरं काई नाई. लालसूवर राग नाई माहा."

"आणतो," मी म्हणालो.

तो आदल्या दिवसापासून उपाशी होता, आणि गावात कुणी त्याला पाणीसुद्धा दिलं नव्हतं. माझ्या हंडीत भात होता. मी त्याला एक विडी दिली. भात दिला नाही, कारण खाऊ घातलं की पक्ष घेतल्यासारखं होतं. रात्री तो लाकडाच्या थप्पीला टेकून झोपला.

खरं तर हे प्रकरण अवघड नव्हतं. अशा गोष्टी त्यांचे पंच दोन घडे दारूवर मिटवतात. दगड काढला असता, भावाभावांत समजूत झाली असती, पोराला दोन बाप मिळाले असते. फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की चिठ्ठी वाचण्यात चूक झाली. ते म्हणणारा मी, आणि मग दुसरी चिठ्ठी, आणि मग दीड वर्ष दारात येणारी सोमारी. हे सगळं गुणवंतरावांच्या कानावर जायला एक दिवस पुरला असता.

म्हणून मी दिवस मावळायच्या आधी लालसूला त्याच्या वावराच्या कुंपणापाशी गाठलं. तो काटे बांधत होता.

"मुन्शीभाऊ, भाऊ हाये तो माहा," लालसू मला बघताच म्हणाला. "मले दिसून राह्यला ना. दात तेच, चाल तेच."

"मग पोरगं कुणाचं म्हणायचं?" मी विचारलं.

त्याचे हात थांबले. काट्याची फांदी हातात तशीच राहिली.

"मी काही म्हणत नाही," मी म्हणालो. "पंचात फक्त त्याला तिथल्या पाण्याचं विचारा. पाऊस नसताना पाणी कसं चढतं, कितीदा चढतं. बाकी काही विचारू नका." पुस्तकात सातव्या पानावर ते होतं. भरतीची वेळ पाहूनच वाळूवर उतरावे. मी ते त्या दिवशी मुद्दाम वाचलं नव्हतं, कुणी घाबरेल म्हणून.

सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. सारा गाव आला होता. बुधूला सगळ्यांपासून दहा हात लांब बसवलं. सुकरी बायकांत मागं होती, पोर पदराखाली. चैतू गायता सत्तरीचा, सावकाश बोलणारा, कुणाला मूर्ख समजू नये असा माणूस. त्यानं बुधूला आधी साधं विचारलं, कुठं होतास.

बुधूनं सांगायला सुरुवात केली. त्याला वाटलं, शेवटी कुणीतरी विचारलं. पांढरी वाळू, वाकडी खाडी, खेकडे, कासवं, सगळं भरभरून सांगितलं. डबा उघडून एक चिंधी सोडली आणि वाळू तळहातावर धरली. चैतूनं चिमूटभर घेऊन जिभेला लावली.

"खारट हाये," तो म्हणाला. "तथी धान पिकते काय?"

"त्या वाळूत काईच पिकत नाई."

"मोहा हाये?"

"नाई."

लालसू खाली बघत म्हणाला, "तथल्या पान्याचं सांग."

"पानी?" बुधू हसला. "पानीच पानी. त्याचा दुसरा काठ दिसत नाई. अन् दिवसातून दोनदा वर चढते, दोनदा मागं जाते."

"पाऊस पडला की?"

"पाऊस कायले? आपोआप. उन्हाळ्यात बी. जिथी मी बसलो होतो ना, तथी दुपारी कंबरभर पानी."

 नदी कधी चढते हे त्या माणसांना जन्मापासून माहीत होतं. वर पाऊस पडतो, मग खाली नदी चढते. आपल्या मनानं दिवसातून दोनदा चढणारं, दुसरा काठ नसलेलं पाणी जिवंत माणसाच्या मुलखात त्यांनी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. बुधूला काहीच कळलं नाही. तो पुढं सांगत होता.

तेव्हा सुकरी बोलली. बायका पंचात सहसा बोलत नाहीत. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"त्या वाळूत तुह्ये पाय उमटत होते काय?"

बुधू तिच्याकडं वळला. घरी आल्यापासून ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती. त्याला इतका आनंद झाला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"उमटत होते ना," तो म्हणाला. "पन राहत नाई, सुकरी. पानी येते अन् पुसून टाकते. मागं वळून पाह्यलं तर कोनी आलंच नाई असं दिसते. मी रोज पाहो."

सुकरीनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली. तिला काय वाटत होतं कुणास ठाऊक. माझ्या मते तिनंही त्याला ओळखला होता, लालसूनं ओळखला तसाच. पण पिठावरचं पाऊल तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि पदराखालचं पोर तीन महिन्यांचं होतं.

चैतू माझ्याकडं वळला. "मुन्शी, तू वाचलेला मानूस. असं पानी असते काय?"

"मी पाहिलेलं नाही," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. मी आजही समुद्र पाहिलेला नाही.

"पुस्तक," बुधू म्हणाला. "मुन्शीभाऊ, पुस्तक दाखवा ना. तुमी वाचलं होतं, आठ किनारे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाचलं होतं हे मेटेगुड्याच्या पाच-सहा गड्यांनाही आठवत होतं, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. पुस्तक माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. सकाळी निघताना मी ते घेतलं होतं. का घेतलं? कदाचित देणार होतो. आपण चांगलं वागू असं माणसाला सकाळी वाटत असतं.

"पुस्तकात लाकडाचे भाव होते," मी म्हणालो. "किनारे-बिनारे मी माझ्या मनानं सांगितले. गडी जायला तयार होईनात, म्हणून रचून सांगितलं. तसे किनारे कुठं नाहीत."

बुधूचं तोंड उघडं राहिलं. मी हात मांडीखाली घातले. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

चैतू गायता रागावला नाही. ओरडला नाही. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं तो बुधूशी बोलला. "आमी तुह्यं सारं नीट केलं," तो म्हणाला. "दगड आनला, बैल कापला, साऱ्या गोतावळ्याले जेवू घातलं. तुह्यी बायको उघड्यावर नाई टाकली. मंग तू काऊन आला? काय कमी राह्यलं तुले?"

बुधूनं एकेकाकडं पाहिलं. लालसूकडं, सुकरीकडं, मग माझ्याकडं. दीड-दोन दिवसांचा उपाशी माणूस, त्याला बाकी काही सुचेना.

"भूक लागली मले," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांना उत्तर मिळालं होतं. मेलेलं माणूस परत येतं ते भुकेनंच.

सुकरीनं भात रांधला. पळसाच्या पत्रावळीवर भात, वरण, बाजूला मोहाच्या दारूचा द्रोण, असं गावाबाहेर नेऊन तिनं बुधूच्या दगडासमोर ठेवलं आणि त्याच्याकडं न बघता पाठ फिरवून निघाली. बाकी सगळे लांब उभे होते, तेही पाठ करून. त्यांच्या लेखी हा मेलेल्याचा मान होता. मला वाटलं, तो पत्रावळ लाथाडेल, शिव्या देईल, निदान तिला हाक मारेल. असलं काही केलं असतं तर अजूनही लालसू फिरला असता.

तो जेवला. दगडाला टेकून, मान खाली घालून, शेवटच्या शितापर्यंत जेवला. पत्रावळीचा आवाज आला तसे सगळे चालू लागले. आता कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. लालसूसुद्धा गेला.

मी मागं राहिलो होतो. बुधू हात पुसत माझ्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हता.

"मुन्शीभाऊ," त्यानं विचारलं, "खरंच तुमी मनानं सांगतले होते?"

कोटाच्या खिशातलं पुस्तक माझ्या बरगडीला टोचत होतं.

"हो," मी म्हणालो.

 त्यानं डबा उघडला, त्यातल्या चिंध्या पाहिल्या, पुन्हा झाकण लावलं.

"मंग मी कुठी गेलतो?" तो म्हणाला.

 तो वळला, दगडांच्या रांगेत परत गेला आणि आपल्या दगडापाशी जाऊन बसला. तिथून त्याला कुणी हाकललं नाही.